३६ रोपांचं हायड्रोपोनिक किट: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरून सांगतोय

आधीच सांगून टाकतो, मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यात भाजी वाढवायच्या ह्या किटला पाचपैकी तीन स्टार. जानेवारीत विचारलं असतं तर साडेचार म्हणालो असतो, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विचारलं असतं तर भंगाराचा भाव सांगितला असता. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण नंतर बघितलं तर हाच स्टँड, हेच पांढरे पाइप, फोटोतली तीच हसरी बाई आणि तिच्या हातातलं तेच लेट्यूस चार-पाच वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन विकायला आहे, मग एकालाच कशाला धरायचं. असलं कुठलंही किट घ्यायचं डोक्यात असेल तर वाचा. लांबलंय, पण मला घ्यायच्या आधी कोणी एवढं सांगितलं असतं तर माझे तीन-चार हजार आणि बायकोचे टोमणे वाचले असते.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो, गारखेडा भागात, वर गच्ची आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहिती आहे, आमच्या गल्लीत पाच-सहा दिवसांनी येतं, मधे बोअर आणि टँकर. त्यामुळे मी जेव्हा जाहिरातीत "९० टक्के पाणी वाचवा" वाचलं तेव्हा मला ते लेट्यूसपेक्षा जास्त आवडलं. खरं सांगायचं तर लेट्यूस आमच्या घरात महिन्यातून एक पाकीट यायचं, ते पण पोराच्या सँडविचसाठी. पण दसऱ्याची ऑफर होती, ७,२०० ला ३६ रोपांचं किट, आणि माणूस ऑफरला फसतोच.

बॉक्समध्ये काय आलं तर पावडर कोटिंगचा स्टँड, चार पाइप, एकेका पाइपला नऊ भोकं, २० लिटरची टाकी, १८ वॅटचा पाण्यात बुडवायचा पंप, जाळीचे कप, मातीच्या भाजलेल्या गोळ्या, बी लावायला स्पंजचे चौकोनी तुकडे, ए आणि बी अशा खताच्या दोन बाटल्या, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते) तपासायचे थेंब, तो उतरवायच्या अ‍ॅसिडची "पीएच डाउन" बाटली, एक टीडीएस पेन म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा मीटर आणि बियांची चार पाकिटं. स्टँड एकदम मजबूत, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पंप पण चांगला निघाला, आवाज नाही, अजून चालू आहे. पाइपाच्या टोकाच्या टोप्या मात्र पहिल्या दिवसापासून गळत होत्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर "सर प्लीज टाइट इट प्रॉपरली" असं उत्तर आलं, टाइट करून करून माझे अंगठे दुखले, शेवटी प्लंबरनं वीस रुपयांचे रबरी वॉशर बसवले आणि दोन मिनिटांत विषय संपला. वीस रुपयांचे वॉशर सात हजारांच्या किटमध्ये टाकता येत नाहीत?

दुसरी गोष्ट त्यांच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हती ती म्हणजे पाइपाचा उतार. ह्या पद्धतीला एनएफटी म्हणतात, पाइपाच्या तळाशी पाण्याचा पातळसा थर सतत वाहत राहतो आणि मुळं अर्धी पाण्यात अर्धी हवेत. पाइप लेव्हलमध्ये बसवला की पाणी साचतं आणि मुळांचा श्वास कोंडतो. मीटरभर पाइपाला दोन सेंटीमीटरपर्यंत उतार पाहिजे. मी फरशीचे तुकडे पायाखाली घालून तो आणला, आता स्टँड लंगडा दिसतो पण चालतो.

बियांचं ऐका. ऑक्टोबर हीट चालू होती, मी हौसेनं ३६ स्पंजमध्ये ३६ बिया टाकल्या, वरनं नीट दाबल्या, आपण मेथी-कोथिंबीर दाबतो तशा. उगवल्या ११. मी लगेच बियांना शिव्या घातल्या, पण अर्धी चूक माझी होती आणि अर्धी हवेची. लेट्यूसच्या बीला उगवायला उजेड लागतो, ते नुसतं वर ठेवायचं, पुरायचं नाही. आणि गरम असलं, म्हणजे साधारण २८-३० अंशांच्या वर गेलं की ते बी झोपून राहतं, मेलेलं नसतं, पण उठत नाही. दुसऱ्या खेपेला आईनं सुचवलं की ट्रे माठापाशी ठेव. आमच्याकडे माठ अजून वाळूवर ठेवतो, वाळू कायम ओली असते, तिथं खिडकीतून उजेड पण येतो. माठाला टेकवून ट्रे ठेवला, वरनं ओलं फडकं, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. तिसऱ्या दिवशी उगवायला लागलं आणि ३६ पैकी ३१ आले. ह्याच्यासाठी लोक जर्मिनेशन चेंबर विकतात.

१४-१५ दिवसांची रोपं पाइपात गेली, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. आणि मग आमच्या किटचं खरं रामायण चालू झालं, ते म्हणजे पाणी.

किटच्या पत्रकात लिहिलंय, टाकी पाण्यानं भरा, ए आणि बी टाका, टीडीएस ८०० करा, पीएच ६ च्या आसपास ठेवा. बस. कुठलं पाणी ते लिहिलेलंच नाही. माझ्या पेनवर नळाचं पाणी २४० दाखवतं, बोअरचं ७८०. म्हणजे बोअरच्या पाण्यात खताचा एक थेंब न टाकता मीटर म्हणतो झालं जेवण तयार! ते ७८० म्हणजे काय खत थोडंच आहे, क्षार आहेत, ज्यांनी आमच्या गीझरची कॉइल खाल्ली तेच. मला तेव्हा हे कळत नव्हतं. नळाला पाणी आलं नव्हतं म्हणून मी बोअरचं भरलं, वरनं थोडं खत टाकलं, मीटर ९०० झाला, मी खूष.

दहा दिवसांत नवीन पानं पिवळी. जुनी हिरवीगार, मधली नवीन पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, उत्तर आलं की न्यूट्रिअंट कमी पडतंय सर, एक लिटरचा पॅक मागवा, लिंक देतो. मी मागवणारच होतो. तेवढ्यात दादाचा फोन आला, म्हणजे माझा मोठा भाऊ, तो जालन्याकडे गावी शेती बघतो, मोसंबी आहे आमची. त्याला मी फोटो पाठवला होता हसायला म्हणून, कारण त्याला हे सगळं म्हणजे येडेपणा वाटतो. तो म्हणाला, "अरे ते पिवळं पडायलंय ना, लोह कमी पडायलंय त्याला. आपल्या मोसंबीला होतं तेच हे. चुनखडीचं पाणी अन् चुनखडीची जमीन, लोह असून पण झाडाला भेटत नाही. कशाचं खत मागवायलास, पाण्याचा पीएच बघ आधी."

बघितला. म्हणजे बघायचा प्रयत्न केला. ते थेंबवालं टेस्टिंग म्हणजे टाकीतलं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं, तीन थेंब टाकायचे, आणि रंग कार्डाशी जुळवायचा. मला तो हिरवा दिसतो, बायकोला पोपटी दिसतो, ट्यूबलाइटखाली निळा दिसतो. शेवटी ६५० चं डिजिटल पीएच मीटर घेतलं, त्यावर ७.९ आलं. लेट्यूसला पाहिजे ५.५ ते ६.५. एवढ्या वरच्या पीएचला किटच्या खतातलं लोह पाण्यात टिकत नाही, मुळांना मिळत नाही, मग तुम्ही अजून दहा बाटल्या ओता. आणि कठीण पाण्याची दुसरी गंमत अशी की तुम्ही पीएच डाउन टाकून ६ वर आणलात तरी दुसऱ्या दिवशी परत ७.५, कारण पाण्यातलं बायकार्बोनेट ते अ‍ॅसिड आधी खाऊन टाकतं. किटसोबतची पीएच डाउनची बाटली तीन आठवड्यांत संपली. लिंबू पिळून बघितलं, नेटवर कोणीतरी सांगितलं होतं, एक दिवस टिकतं, मग परत ये रे माझ्या मागल्या.

त्यामुळे माझा ह्या सगळ्या रिव्ह्यूमधला मुद्दा काय तर किट घ्यायच्या आधी ३०० रुपयांचं टीडीएस पेन घ्या आणि तुमच्या घरचं पाणी मोजा. १००-१५० च्या आत असेल तर तुम्ही नशीबवान, खुशाल घ्या. ३०० पर्यंत जमतं. ५०० च्या वर असेल आणि दुसरी सोय नसेल तर ह्या सात हजारांची दुसरी काहीतरी हौस करा. किट विकणारे हे सांगत नाहीत कारण त्यांना पाइप विकायचेत.

माझी सोय मी अशी केली की नळाचं अर्धं आणि आरओचं अर्धं. मीटरवर १३०-१४० येतं. आता आरओ एक लिटर देताना त्याच्यापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकतो, म्हणजे पाणी वाचवायच्या नादात आरओ चालवायचा, हा विनोद बायकोनं बरोबर पकडला. ते बाहेरचं पाणी आम्ही फरशीला आणि टॉयलेटला वापरतो म्हणून मनाला बरं वाटतं एवढंच. एसीचं पाणी वापरा असं पण लोक सांगतात, मीटरवर ते एकदम कमी दाखवतं, पण ते कॉइलवरची सगळी घाण धुवून येतं, कच्च्या खायच्या पानांना मी नाही वापरलं. पावसाचं पाणी मात्र बेस्ट. जूनमध्ये पहिले दोन पाऊस सोडून गच्चीचं पाणी ड्रममध्ये धरलं, मीटरवर १८! १८ बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा पगारवाढीला झाला नव्हता.

पाणी सुधारल्यावर डिसेंबर-जानेवारीत जे आलं ते बघायला शेजारचे यायचे. लेट्यूसच्या जातींत लोलो रोसो म्हणजे ती कडेनं लाल, झालरीच्या फ्रॉकसारखी, ती सगळ्यात देखणी आणि सगळ्यात सोपी. हिरवी ओकलीफ पण मस्त. रोमेन चांगली पण उंच होते, वरच्या पाइपाला टेकते. बटरहेड मऊ, पण त्याच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या, ते कॅल्शियम पोचत नाही तेव्हा होतं, वाढ जोरात आणि हवा कोंदट असली की. आइसबर्ग लावू नका, गड्डा बांधलाच नाही, नुसती मोठी मोठी पानं. किटच्या डब्यावर "३० दिवसांत काढणी" लिहिलंय, पाइपात लावल्यापासून मला ४२ ते ४५ दिवस लागले, आणि त्याआधीचे १५ दिवस रोपाचे वेगळे. ३० दिवसांत पण काढता येतं, पण मग हातात येते ती चिमणी.

पहिल्या पूर्ण पिकाचा हिशोब मी लिहून ठेवलाय कारण मला ते ९० टक्क्यांचं खूळ होतं. ३१ लावली, दोन गेली, २९ काढली, सगळं मिळून ३ किलो ४०० ग्रॅम. पाणी, टाकी दोनदा बदलली ते धरून, ११८ लिटर. म्हणजे किलोला ३५ लिटरच्या आसपास. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या यूमा भागातल्या लेट्यूसचा २०१५ मधला एक अभ्यास आहे, त्यात हायड्रोपोनिकला किलोमागे साधारण २० लिटर आणि शेतात २५० लिटर असा हिशोब मांडलाय. मी काही २० ला पोचलो नाही, पण टाकीचं जुनं पाणी मी कढीपत्त्याला आणि तुळशीला घातलं, ते वाया गेलं असं म्हणणार नाही. तर पाण्याचं खरं आहे, जाहिरात खोटं बोलत नाही. फक्त त्याच अभ्यासात पुढं असं पण आहे की हायड्रोपोनिकला वीज-ऊर्जा शेतीच्या ८० पटींहून जास्त लागली, तिथं गरम-गार करायला आणि दिव्यांना, ते मात्र कुठल्याच जाहिरातीत येत नाही. आपल्याकडे गच्चीवर दिवे लागत नाहीत, ऊन फुकट आहे, नुसता पंप. १८ वॅट दिवसरात्र म्हणजे महिन्याला १३ युनिट, ते परवडतं.

आणि पैशाचा हिशोब? आमच्याकडे १०० ग्रॅमचं पाकीट ६० ते ८० ला मिळतं. म्हणजे ३ किलो ४०० ग्रॅमचे दोन हजारांच्या वर झाले, तीन पिकांत किट वसूल, टाळ्या! पण महिन्याला एक पाकीट आणणाऱ्या घरात एकदम साडेतीन किलो लेट्यूस आलं की काय होतं ते ऐका. चार दिवस सॅलड. मग कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून वरनं हिंग-मोहरीची फोडणी, ती खरंच छान लागते. मग भाकरीबरोबर कांद्याच्या पातीसारखं नुसतं तोंडी लावायला. मग शेजारी वाटप. मग आईनं बाहेरची जाड पानं चिरून लसणाची फोडणी देऊन पीठ पेरून भाजी केली, ती कढईभर पानांची वाटीभर झाली आणि थोडी कडवट होती, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर गेली. आई म्हणाली चुका लाव, आंबट तरी लागेल. म्हणून माझा सल्ला, ३६ भोकांत ३६ लेट्यूस एकदम कधीच लावू नका, दर आठवड्याला सहा लावा. आणि पूर्ण झाड उपटू नका, बाहेरची पानं काढत जा, मधून परत येतात, दोन-तीन वेळा तरी मिळतात.

दुसऱ्या खेपेला आम्ही अर्धं लेट्यूस आणि अर्धं आपलं लावलं. पालक एकदम पास, पानं पातळ, लुसलुशीत, गावच्या पालकाइतका दमदार स्वाद नाही पण माती नाही, दोन पाण्यात धुतलं की झालं. चुका चांगला आला, आई जिंकली. पॉक चोय ही चिनी पालेभाजी सगळ्यात फास्ट. मेथीसाठी एवढी भोकं वाया घालवू नका, ती कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या ट्रेमध्ये दाट पेरायची. कोथिंबीर उगवायला वेळ खाते, पण नंतर बरी. पुदिना चुकून पण पाइपात लावू नका, त्याची मुळं पाइपभर पसरली आणि पाणी उलटं कपातून वर आलं, गच्ची भिजली, खालच्या काकांच्या भिंतीला ओल आली, त्यांना दोन गड्डे लेट्यूस देऊन मिटवलं.

खताचं बोलतो, कारण इथं सगळ्यात जास्त पैसे उडतात. कंपनीच्या ए-बी बाटल्या अर्धा अर्धा लिटरच्या, मला एका पिकाला जेमतेम पुरल्या, परत मागवायच्या तर ५५० रुपये. दादा म्हणाला जुन्या मोंढ्यात जा, ड्रिपला देतो तीच खतं आहेत ही. गेलो. दुकानदारानं विचारलं किती एकर, मी म्हणालो चार पाइप. तो हसला पण त्यानं बरोबर दिलं, कॅल्शियम नायट्रेट, तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के), मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळून टिकणारं. एकेक किलो, लोह तेवढं छोटं पाकीट. सगळे मिळून कंपनीच्या दोन सेटच्या आसपास पैसे झाले आणि ते मला दोन वर्षं पुरतील. मी २० लिटरला कॅल्शियम नायट्रेट १० ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस ५, शून्य-बावन्न-चौतीस ३, मॅग्नेशियम ५ आणि लोह पाव-अर्धा ग्रॅम एवढं टाकतो, सूक्ष्म अन्नद्रव्यं चिमूटभर वेगळी. सोनाराचा असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्यानं मोजू नका. एकोणीस-एकोणीस-एकोणीस घेऊ नका, ते स्वस्त आणि सगळीकडे मिळतं पण त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, जमिनीत जंतू ते फोडून झाडाला देतात, नुसत्या पाण्यात ते काम नीट होत नाही.

आणि ए आणि बी वेगळं का असतं हे मला किटनं नाही सांगितलं, माझ्या गाढवपणानं सांगितलं. मी वेळ वाचवायला सगळं घट्ट द्रावण एकाच बाटलीत बनवलं. कॅल्शियम आणि सल्फेट घट्ट असताना भेटले की त्यांचा जिप्सम होतो, फॉस्फेटबरोबर पण तसंच, बाटलीत ताक फुटल्यासारखा पांढरा साका बसला आणि पंपाची जाळी चोंदली. आधी एक टाकीभर पाण्यात नीट मिसळायचं, मगच दुसरं. अ‍ॅसिडचं पण लक्षात ठेवा, नेहमी पाण्यात अ‍ॅसिड टाकायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही, आणि पोरं जवळ नकोत.

टाकीबद्दल तक्रार आहे. अर्धपारदर्शक पांढरी टाकी दिलीय, खताचं पाणी आणि उजेड एकत्र आले की शेवाळ, दहा दिवसांत टाकी हिरवी. मी बाहेरनं काळा रंग मारला, वर गोणपाट गुंडाळलं. झाकण पण फटीचं, मच्छर जायला जागा. आमच्याकडे अळ्या तपासायला आणि पाण्यात अबेट हे अळ्या मारायचं औषध टाकायला ताई येतात, त्या गच्चीवर आल्या आणि टाकी बघून सरळ बाटली काढली, मी धावत गेलो की ताई थांबा, ते खायच्या भाजीचं पाणी आहे. त्या म्हणाल्या भाजीचं असू दे नाहीतर देवाचं, अळी दिसली तर मी टाकणार. झाकण उघडून टॉर्च मारून नीट तपासलं त्यांनी, अळी नव्हती, तेव्हा गेल्या. दुसऱ्या दिवशी मी झाकणाला बारीक जाळी लावली.

किडीचा त्रास फेब्रुवारीपर्यंत नाही. मग मावा आला, पानाच्या मागे हिरवे ठिपके. निंबोळी तेल मारलं तर मावा थोडा कमी झाला पण पानाला असा कडू वास की ते कच्चं खायची सोयच नाही. त्यापेक्षा पिवळे चिकट कागद लावा, पाण्याच्या फवाऱ्यानं मागची बाजू धुवा आणि जास्त झालं तर ते झाड काढून टाका. बुलबुल हा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, कोवळी पानं कात्रीनं कापल्यासारखी खातो, त्याला जाळी हाच उपाय.

आता उन्हाळा. मार्चमध्ये लेट्यूस उंच व्हायला लागलं, मधून दांडा निघाला, पानं कारल्यासारखी कडू. हिरवी शेडनेट लावली, थोडा फरक पडला. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि मी दुपारी टाकीत थर्मामीटर घातला तर पाणी ३३ अंश. लेट्यूसच्या मुळांना पंचविशीच्या आत बरं वाटतं. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला मजा येते. पांढरी मुळं चार दिवसांत चहाच्या रंगाची, हात लावला की बुळबुळीत, वास नाल्यासारखा. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत सोडल्या, सकाळी दोन, दुपारी तीन, आईस्क्रीमला जागा नाही म्हणून पोरगं रुसलं. आणि मग एक दिवस सकाळी ११ ला लाईट गेली ती ३ ला आली. आम्ही दोघं ऑफिसला, आईला गुडघ्यामुळे गच्चीचा जिना चढवत नाही. ह्या पाइपांत मुळांपाशी पाणी असतं ते केवढं, नखभर. पंप थांबला की काही वेळात पाइप कोरडा, वरनं चाळीसचं ऊन. संध्याकाळी बघितलं तर सगळी रोपं भिजलेल्या पापडासारखी पाइपावर पडलेली. नंतर वाचलं की ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलन कूपर नावाच्या शास्त्रज्ञानं बसवली. तिथल्या हवेला चाललं असेल बाबा! नखभर पाण्याची पद्धत मराठवाड्याच्या एप्रिलला टिकायची नाही, निदान इन्व्हर्टरशिवाय तरी. ही किटची चूक नाही असं कंपनी म्हणेल, पण मग "बारा महिने ताजी भाजी" हे डब्यावर छापू नका ना.

त्याच्या आधीपासून मी फुकटातला एक प्रयोग चालवला होता आणि तो जगला. मेडिकलवाल्याकडनं औषधांचा थर्माकोलचा खोका आणला, आतनं काळं प्लास्टिक, १२ लिटर तेच खताचं पाणी, झाकणाला सहा भोकं, जाळीचे कप. पंप नाही, लाईट नाही. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी ह्यांनी मांडलेली पद्धत आहे, लोक क्रॅटकीच म्हणतात. सुरुवातीला पाणी कपाच्या बुडाला टेकेल एवढं, रोप जसजसं पाणी पितं तशी पातळी खाली जाते, वरची मुळं हवेत राहून श्वास घेतात, खालची पाण्यात. फक्त एक पाळायचं, पाणी संपतंय म्हणून परत काठोकाठ भरायचं नाही, हवेतली मुळं बुडाली की रोप गेलं. थर्माकोलमुळे पाणी दुपारी पण २७-२८ च्या वर गेलं नाही, जिन्याखाली सकाळच्या उन्हात ठेवला होता. एप्रिलमध्ये लेट्यूस त्यात पण कडूच झालं, ते होणारच, पण पालक आणि चुका मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खाल्ला. आणि फेब्रुवारीत त्याच खोक्यात जी सहा लेट्यूस आली ती पाइपातल्यांपेक्षा फार तर आठवडाभर उशिरा आली, वजनाला बरोबरीची.

म्हणून मला कोणी विचारलं की किट घेऊ का, तर मी विचारतो, लाईट किती जाते, पाणी किती टीडीएसचं आणि घरात लेट्यूस खातं कोण. पुण्या-नाशिककडे थंडी बरी असते आणि धरणाचं पाणी मऊ, तिथल्या माणसाला हे किट नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त चालेल, माझा मेव्हणा नाशिकला त्याच किटवर आनंदात आहे. आमच्यासारख्यांनी आधी एक खोका, टीडीएस पेन, पीएच मीटर, काटा आणि मोंढ्यातली खतं घ्यावी, दोन-अडीच हजारांत सगळं होतं, एक हिवाळा काढावा, मग पाइपांचं बघावं.

स्टार कसे दिले ते सांगतो. स्टँड आणि पंपाला पूर्ण एकेक. बियांना अर्धा, कारण पाकिटावर तारीखच नव्हती. पत्रकाला शून्य, आणि ते नुसतं इंग्रजीत आहे, आईला वाचता येत नाही, गच्चीखालचं सगळं काम तीच करते. व्हॉट्सअ‍ॅप सपोर्टला अर्धा, कारण उत्तर लगेच देतात, फक्त प्रत्येक उत्तरात लिंक असते.

सध्या पाइप धुवून ठेवलेत, ब्लीचिंगच्या पाण्यानं एकदा आणि साध्या पाण्यानं दोनदा. पावसाचे दोन ड्रम भरून झाकून ठेवलेत. दादानं मागच्या आठवड्यात फोन केला, मला वाटलं चिडवायला, तर म्हणाला तो थर्माकोलचा खोका कसा केलास रे, वहिनीला अंगणात पालक लावायचाय, शेतात जायचा कंटाळा यायलाय तिला. मी म्हटलं आधी तुझ्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आण. आणलं त्यानं. ९१० आलं.